‘मामावर गेलाय’ म्हणण्याआधी

प्रश्न : द्राक्षपट्ट्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा गोषवारा देते. मुलगा सोळा वर्षांचा. दहावीला चांगले गुण पडले म्हणून ‘नीट’च्या तयारीला लातूरला ठेवला. दिवाळीत घरी आला तो अगदी मिटून गेलेला. मित्रांकडे गेला नाही, बॅटला हात लावला नाही, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागा. क्लासच्या चाचण्यांत गुण निम्म्यावर आलेत. ‘खोलीवरची पोरं माझ्यावरून खुणा करतात, माझ्याबद्दल ग्रुपवर लिहितात,’ असं म्हणतो. दोनदा येऊन विचारलं, ‘आई, हाक मारलीस का?’ तिने मारली नव्हती. ताईंच्या सख्ख्या भावाला ऐन बाविशीत स्किझोफ्रेनिया झाला. तीन वर्षं देवऋषी, अंगारे आणि उताऱ्यांत गेली, मग औषधं सुरू झाली. मुलाला यातलं काही माहीत नाही. मामाला ‘डोक्याचा जुना त्रास’ आहे एवढंच घरात बोललं जातं. अमेरिकेतल्या दिरांनी व्हॉट्सॲपवर संशोधनाचे लेख पाठवलेत : मेंदूच्या एमआरआयवरून, जनुकांवरून हा आजार आधीच ओळखता येतो म्हणे. एक खासगी लॅब लाळेवरून जनुक-चाचणी करून देते. यजमानांच्या मते हे सगळं मोबाइलचं खूळ आहे, आणि डॉक्टरकडे फाइल झाली तर मोठ्या मुलीच्या लग्नाला अडचण येईल. ताईंचे प्रश्न दोन. एमआरआय आणि जनुक-चाचणी करून घेऊ का? आणि भावाच्या औषधातली अर्धी गोळी मुलाच्या नकळत दुधातून आत्तापासून दिली, तर आजार टळेल का? एक पट्टी त्यांनी भावाच्या डब्यातून आणून ठेवलीही आहे.

उत्तर :

ताई,

गोळी देऊ नका. अर्धी नको, पाव नको, एक दिवसही नको. कारणं पुढे सांगते, पण मध्येच उठावं लागलं आणि बाकीचं वाचायचं राहिलं, तर एवढं तरी वाचलेलं असू दे.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘लहानपणी सगळे म्हणायचे, हा अगदी मामावर गेलाय, तेव्हा मला फार बरं वाटायचं.’ आता तेच वाक्य तुम्हाला रात्री झोपू देत नाही. तुम्ही चाचण्यांबद्दल विचारलंय, पण मला ऐकू येतो तो प्रश्न असा : माझ्या मुलाचं माझ्या भावासारखं होईल का? त्याचं उत्तर एखाद्या यंत्रातून छापून आलं असतं तर मीही तुम्हाला उद्याच पाठवलं असतं. पण आधी ‘मामावर जाणं’ म्हणजे आकड्यांत किती, ते पाहू.

स्किझोफ्रेनिया शंभरातल्या साधारण एकाला आयुष्यात कधीतरी होतो. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये हा आकडा दहाच्या आसपास जातो. मामा, काका, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला असेल तर तीन-चारच्या आसपास. म्हणजे असा मामा असलेल्या शंभर भाचरांपैकी शहाण्णव-सत्त्याण्णव जणांना हा आजार होत नाही. आणखी एक गोष्ट ऐका. हुबेहूब जुळ्या भावंडांची जनुकं जवळजवळ सारखी असतात, तरीही एकाला हा आजार झाला तर निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला होत नाही. रक्तातून येते ती शक्यता. नशीब काही येत नाही.

आता दिरांनी पाठवलेल्या लेखांकडे वळू. त्यांच्यावर रागावू नका. ते संशोधन खरं आहे, मोलाचं आहे, आणि त्यांनी ते काळजीपोटीच पाठवलंय. पण प्रयोगशाळेतली गोष्ट आणि तुमच्या घरातली गोष्ट यांच्यात जे अंतर आहे, ते त्या लेखांच्या मथळ्यांत दिसत नाही.

मुलांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमांनी वास्तवाचं भान सुटण्याची (स्किझोफ्रेनिया त्यातलाच), चाहूल आधी लागते का, याचा पद्धतशीर शोध १९९४ पासून ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये सुरू झाला. पॅट्रिक मॅक्गोरी आणि ॲलिसन युंग यांच्या चमूने तिथे खास अशा तरुणांसाठी दवाखाना काढला, ज्यांना पूर्ण भास-भ्रम नाहीत पण त्यांची पुसट सावली आहे : कुणीतरी आपल्याविषयी बोलतंय असं वाटणं, हाक ऐकू आल्यासारखी वाटणं, आणि जोडीला अभ्यासात, वागण्यात घसरण. सुरुवातीच्या वर्षांत अशांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास तरुणांना वर्षभरात पूर्ण आजार झाला. पुढे जगभर असे दवाखाने निघाले, जास्त मुलं लवकर येऊ लागली, आणि आकडा उतरला. आता तीन वर्षांत साधारण चौघांतला एक असं चित्र आहे. म्हणजे तज्ज्ञांनी तासन्‌तास बोलून ‘धोक्याच्या गटात’ धरलेल्या मुलांतही दर चौघांतले तिघे त्या काळात त्या वाटेला जात नाहीत. तुमचा मुलगा या गटात बसतो की नाही हे मला पत्रावरून सांगता येणार नाही, आणि मी सांगूही नये.

मग मेंदूचं काय? तुमच्या घरी द्राक्षबाग आहे, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. किशोरवयात मेंदूची छाटणी चालू असते. लहानपणी पेशींमधले जोड भरमसाट वाढलेले असतात. तेरा-चौदापासून पंचविशीपर्यंत नको असलेले जोड खुडले जातात आणि मेंदूची वरची साल हळूहळू पातळ होते. हे सगळ्याच मुलांत होतं आणि व्हायलाच हवं. न छाटलेल्या वेलीला घड लागत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं! १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अर्विन फाइनबर्ग यांनी कल्पना मांडली की स्किझोफ्रेनियात ही छाटणी जरा जास्तच खोल होत असावी. २०१६ मध्ये सी-४ नावाच्या जनुकाच्या अभ्यासातून या कल्पनेला जोरकस आधार मिळाला, कारण त्या जनुकाचा संबंध नेमका या खुडण्याशी निघाला. त्याआधी २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या संशोधकांनी धोक्याच्या गटातल्या २७४ तरुणांचे एमआरआय पुन्हा पुन्हा काढून पाहिले होते. त्यांतल्या ज्या ३५ जणांना पुढे आजार झाला, त्यांच्या मेंदूचा कपाळामागचा भाग इतरांपेक्षा भराभर पातळ झाला होता.

वाचून पोटात गोळा येतो, कबूल. पण शेजारच्या बागेतली एकच छाटलेली वेल कुंपणावरून पाहून तुम्ही सांगाल का, की ही जास्त छाटली गेली? आधी किती होती, कुठली जात, किती वर्षांची, कोणत्या जमिनीतली, हे माहीत नसेल तर नाही सांगता येणार. एका एमआरआयचं तसंच आहे. २०२१ मध्ये ३१ केंद्रांनी मिळून तीन हजारांहून जास्त जणांचे एमआरआय एकत्र तपासले. धोक्याच्या गटात मेंदूच्या सालीची सरासरी जाडी निरोगी गटापेक्षा किंचित कमी भरली खरी, पण दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले होते की एखादा सुटा मेंदू उचलून ‘हा यातला, तो त्यातला’ म्हणणं शक्य नव्हतं. बागेत ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासणीला पाठवतात आणि उत्तर येतं, कारण काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, सूक्ष्म घड आधीच तयार झालेला असतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत अजून काही ठरलेलंच नाही. जे ठरलं नाही ते दिसणार कुठून?

अशा आणखी खुणा अभ्यासात आहेत. एकसारखे टिक-टिक आवाज ऐकवताना मध्येच एक वेगळा आवाज टाकला की मेंदू क्षणभर दचकतो; ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखावर, दिसणारी ती दचक काही मुलांत फिकी पडते. धोक्याच्या गटात लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सरासरीने थोडं जास्त सापडलंय. आजाराचं मूळ समजायला या सगळ्याचा उपयोग आहे. पण यांतली एकही खूण आज एका मुलाचं भाकीत करण्यासाठी दवाखान्यात वापरायला मान्य नाही.

जनुक-चाचणीवर पैसे घालवू नका. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वांत मोठ्या अभ्यासात ७६ हजारांहून जास्त रुग्णांची जनुकं तपासली आणि या आजाराशी नातं असलेल्या २८७ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम चिमूटभर. त्या सगळ्यांची बेरीज करून जो ‘स्कोअर’ काढतात, तो हजारो लोकांच्या गटांत फरक दाखवतो. एका मुलाचं पुढे काय होणार ते सांगायला तो फार तोकडा आहे. शिवाय त्या अभ्यासातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे, त्यानंतर पूर्व आशियातले. तो स्कोअर आपल्या पोराला लावणं म्हणजे तासगावचा पाऊस मोजून कोकणात भातलावणी ठरवण्यासारखं आहे. आणि जनुकांचा अहवाल एकट्याचा कधीच नसतो. तो थोडा तुमचा असतो, थोडा तुमच्या मुलीचाही. ज्या अहवालातून नीट काही कळणार नाही, त्याची भीती मात्र सगळ्या घरात पसरेल.

एक अपवाद इथे सांगते, दुसऱ्या कुणा आईबापांच्या कामी येईल म्हणून. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतःच गळालेला असणं हा आजार साधारण चार हजार बाळांत एकाला असतो, आणि अशांपैकी जवळजवळ पाव लोकांना पुढे सायकोसिस होतो. पण अशा मुलांत बहुधा लहानपणापासूनच हृदयातला दोष, टाळूचा दोष, कॅल्शियम कमी पडणं, बोलायला उशीर अशी लक्षणं असतात. तिथे डॉक्टरांनी सांगितलेली जनुक-चाचणी हे खरं वैद्यक आहे, ती जरूर करावी.

आता एक हिशेब. समजा, उद्या कुणी खरोखरच चांगली चाचणी काढली : ज्यांना आजार होणार त्यांच्यातले ऐंशी टक्के पकडते, आणि होणार नाही त्यांच्यातल्या ऐंशी टक्क्यांना बरोबर सोडते. तुमच्या मुलासारखे, मामाला आजार असलेले, एक हजार भाचे आणू. शंभरी चार धरले तर चाळीस जणांना पुढे आजार होणार. त्यांतले बत्तीस ही चाचणी पकडेल. उरलेल्या ९६० निरोगी मुलांपैकी १९२ जणांनाही ती ‘धोका आहे’ म्हणेल. म्हणजे २२४ घरांत अहवाल येईल ‘धोका आहे’, आणि त्यांतल्या १९२ घरांत तो खोटा असेल. म्हणजे दर सात घरांत रडारड, त्यांतल्या सहांत विनाकारण. आणि ही झाली काल्पनिक, चांगली चाचणी. आज मिळणाऱ्या चाचण्या तिच्या जवळपासही नाहीत. ‘करून तर बघू, नुकसान काय?’ असं तुम्ही लिहिलंय. नुकसान हे आहे. त्या अहवालानंतर तुम्ही मुलाकडे पूर्वीसारखं बघू शकणार नाही, आणि तुमची नजर बदललेली त्याला पहिल्या दिवशीच कळेल. लोक आपल्याकडे बघून खुणा करतात असं ज्याला आधीच वाटतंय, त्या मुलाला.

याचा अर्थ एमआरआय कधीच नको, असा घेऊ नका. आत्ता शरीरात काही बिघडलंय का, हे शोधायला तपासण्या लागतात. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, काही प्रकारच्या फिट्स, मेंदूला येणारी सूज, एखाद्या औषधाचा परिणाम, यांतूनही भास होतात, वागणं पालटतं. झटके, तीव्र डोकेदुखी, ताप, एकदम सुरू झालेला गोंधळ, बोलण्या-चालण्यात बदल असं काही असेल तर डॉक्टर रक्ततपासणी, ईईजी, एमआरआय सांगतील, आणि तेव्हा एक दिवस दवडू नका. आज काय आहे हे त्या यंत्राला विचारता येतं, तीन वर्षांनी काय होईल हे विचारता येत नाही.

मग पुढचं काहीच कळत नाही का? थोडं कळतं, आणि कशावरून कळतं ते बघा. २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या त्याच संशोधनगटाने अशा दवाखान्यांत आलेल्या ५९६ तरुणांवरून धोक्याचं एक गणित बसवलं. त्यात एमआरआय नाही, जनुकं नाहीत. वय, संशयाची आणि विचित्र वाटणाऱ्या विचारांची तीव्रता, शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता, चिन्हं जुळवण्याचा वेग, आणि गेल्या वर्षभरात मित्रांत, माणसांत मिसळणं किती घटलं, हे त्यातले वजनदार घटक. घराण्यातला आजारही त्यांनी गणितात घेतला होता. त्याने फारशी भर घातली नाही. हे वाक्य तुम्ही पुन्हा वाचावं असं मला फार वाटतं. ते गणित घरी बसून करायचं नसतं, तज्ज्ञांपुढे आलेल्या मुलांसाठीच ते आहे, आणि तेही बऱ्यापैकी चुकतं. पण त्यातून एवढं कळतं की सर्वांत जास्त माहिती यंत्रात नाही. ती तुमच्या मुलाच्या बोलण्यात आहे आणि तुमच्या नजरेत आहे, कारण तो आधी कसा होता हे तुम्हालाच माहीत आहे.

म्हणून तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींकडे माझं लक्ष गेलं. पहिली, हाक ऐकू येण्याची. तेरा ते अठरा वयाच्या शंभर मुलांमध्ये सात-आठ जणांना कधी ना कधी असं काही ऐकू येतं किंवा दिसतं, आणि बहुतेकांचं ते विरून जातं. जागरणाने, झोपेच्या उंबरठ्यावर, ताणात हे अधिक होतं. शिवाय तो तुम्हाला येऊन विचारतो, ‘मारलीस का?’ हे विचारणं मोठं आहे. त्याच्या मनात ‘कदाचित नसेलही’ याला अजून जागा आहे, आणि त्याला तुमच्याकडे यावंसं वाटतंय. दुसरी गोष्ट, मित्र आणि बॅट सुटण्याची, गुण घसरण्याची. ही मला जास्त गंभीर वाटते. ती सायकोसिसचीच खूण म्हणून नव्हे; नैराश्यातही असंच होतं, सतत चिंता असली तरी होतं, छळ होत असला तरी होतं. कारण कोणतंही असो, हे मूल आज अडचणीत आहे आणि त्याला आज मदत हवी आहे. त्यासाठी भविष्य कळण्याची गरज नाही.

आणि ताई, एक शक्यता तुमच्या घरात कुणीच धरलेली दिसत नाही. खोलीवरची पोरं खरंच खुणा करत असतील तर? खरंच ग्रुपवर लिहीत असतील तर? घरापासून दूर, चार अनोळखी मुलांसोबत एका खोलीत राहणारा सोळा वर्षांचा मुलगा चेष्टेचा बळी ठरणं ही काही विरळा गोष्ट नाही. मामाच्या आजाराची भीती मनात असली की मुलाची खरी तक्रारही लक्षण वाटू लागते. आधी विचारा. ‘कोण करतं? कधीपासून? मला त्यातला एखादा मेसेज दाखवशील?’ सत्य कुठल्याही बाजूला निघो, त्याचं ऐकून घेतलं गेलं, हे त्याला कळेल.

विचारताना जागा नीट निवडा. जेवणाच्या ताटावर, वडिलांसमोर नको. गाडीवरून शेताकडे जाताना, बागेत फिरताना, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तिथे मुलं मोकळी होतात. ‘तुला काय झालंय?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘काही नाही’ हेच येतं. ‘तू झोपत नाहीस हे मला दिसतंय. मला तुझी काळजी वाटते,’ असं म्हणा आणि थांबा. बरंच थांबा. त्याला जे वाटतंय ते खोडून काढू नका आणि त्याला दुजोराही देऊ नका. ‘मला हाक ऐकू आली नाही, पण तुला आली असेल तर दचकायला झालं असेल ना?’ एवढं पुरतं.

गांजाबद्दलही विचारायला हवं, पण पोलिसाच्या आवाजात नको. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला, त्याचा निष्कर्ष १९८७ मध्ये आला : ज्यांनी पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. पुढच्या अनेक अभ्यासांनी तीच दिशा दाखवली. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी गांजापासून लांबच राहावं. जनुकं बदलता येत नाहीत. ही गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. झोप ही दुसरी. रात्री अकराला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, सगळ्यांचाच, तुमचा आणि यजमानांचाही. एकट्या त्याचा काढून घेतलात तर ती शिक्षा होईल.

गोळीबद्दल आता सविस्तर. ब्रिटनमधल्या अधिकृत उपचार-मार्गदर्शिकेने हे स्पष्ट लिहिलंय : धोक्याच्या गटातल्या मुलांना, केवळ पुढचा आजार टाळायचा म्हणून, अँटिसायकोटिक, म्हणजे सायकोसिसवरचं, औषध देऊ नये. त्यांना बोलण्यातून होणारा उपचार, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी थेरपी द्यावी, शक्य तर कुटुंबालाही सोबत घ्यावं, आणि नैराश्य-चिंता असेल तर तिच्यावर उपचार करावेत. ही औषधं आजार असताना आयुष्य सावरतात, तुमच्या भावाचं त्यांनीच सावरलंय. पण त्यांनी वजन वाढतं, रक्तातली साखर वाढू शकते, अंग आखडतं, आतून अस्वस्थता येते, सुस्ती राहते. सोळा वर्षांच्या मुलाला हे होऊ लागलं आणि कारण त्याला माहीत नसलं, तर त्याला वाटेल आपलं शरीरच फितूर झालंय. आणि एखाद्या दिवशी दुधाच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर? ‘घरचे माझ्या खाण्यात काहीतरी घालतात’ हा संशय या आजारात बऱ्याचदा येतो. तुमच्या घरात तो खरा ठरेल. त्यानंतर तो कुणाच्या हातचं घेईल?

दिरांनी माशाच्या तेलाच्या गोळ्याही सुचवल्यात. २०१० मध्ये व्हिएन्नात ८१ तरुणांवर केलेल्या प्रयोगात त्यांचा फार चांगला परिणाम दिसला, सगळ्यांनाच आशा वाटली. २०१७ मध्ये तीनशेवर तरुणांवर तोच प्रयोग मोठ्या प्रमाणात झाला आणि काहीच फरक दिसला नाही. आहारात मासे असले तर खाऊ दे त्याला. त्यापलीकडे काही नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे मात्र जा, आणि ‘बघू’ असं न म्हणता येत्या पंधरवड्यात जा. जिल्ह्याच्या ठिकाणी किशोरवयीन मुलांबरोबर काम करणारे तज्ज्ञ मिळतात का ते विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे, १४४१६ हा क्रमांक, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पहिल्या भेटीत डॉक्टर तुमच्याशी बोलतील आणि त्याच्याशी एकट्याशीही बोलतील. त्याला एकट्याला आत सोडा. जाताना एका कागदावर लिहून न्या : आधी कसा होता, बदल कोणत्या महिन्यात दिसला, झोप किती, काय सुटलं, काय अजून टिकून आहे. ‘टिकून आहे’ हा भाग विसरू नका. तो अजून तुमच्या हातची पुरणपोळी मागून घेतो असं तुम्ही लिहिलंय, तेही लिहा. मामाचा आजार सांगा, लपवू नका. आणि ‘आता हे काहीच नाही’ असं डॉक्टर म्हणाले, तरी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं ठरवून या. एका भेटीत जे कळत नाही ते दोन भेटींतल्या फरकात कळतं.

यजमानांना सांगा, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त राखणं बंधनकारक आहे. फाइल गावभर फिरत नाही. गावभर फिरते ती उपचार न झालेल्या आजाराची बोभाटलेली गोष्ट, आणि हे तुमच्या घराने एकदा पाहिलंय. ‘नीट’चं म्हणाल तर ती परीक्षा दरवर्षी असते. डॉक्टरांनी सांगितलं तर सहा महिने त्याला घरी राहू द्या, जवळच्या कॉलेजात नाव घाला. त्याला लातूरला परत धाडायचं की नाही हे त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका.

राहिला मामा. ‘माझ्या भावाचं आयुष्य वाया गेलं,’ असं तुम्ही लिहिलंत आणि दोनच ओळींखाली लिहिलंत की तो गेली अठरा वर्षं दुकानाचे हिशेब बघतो आणि एक पैसा इकडचा तिकडे होत नाही. ताई, हे वाया गेलेलं आयुष्य नाही. त्याच्या आयुष्यातून आजाराने नेलं ते नेलंच, पण ती तीन वर्षं उशिराने नेली. नॉर्वेतल्या एका भागात लोकांना या आजाराची लक्षणं समजावून सांगायची मोहीम काढली, तपासणीला लवकर येण्याची सोय केली, आणि तिथे लक्षणं सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा काळ साधारण पाच आठवड्यांचा निघाला; जिथे मोहीम नव्हती तिथे तो सोळा आठवड्यांचा होता. आली तेव्हा ती मुलं कमी आजारी होती. तुमच्याकडे दीडशेहून जास्त आठवडे गेले. त्यात तुमचा दोष नव्हता, तेव्हा तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे. तुमच्या मुलाची आणि मामाची गोष्ट वेगळी होणार असेल, तर ती मुख्यतः इथे वेगळी होईल.

आणि मुलाला मामाबद्दल सांगा. तो ‘नीट’ची जीवशास्त्राची पुस्तकं वाचतो, मामाच्या गोळ्यांचं नाव एक दिवस फोनवर शोधणारच आहे. त्याला एकट्याला रात्री कळण्यापेक्षा दिवसा तुमच्याकडून कळू दे. पण अगदी उद्या नको. आधी डॉक्टरांशी बोलून कधी आणि किती ते ठरवा. जमलं तर भावालाच विचारा, तो सांगेल का. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाबद्दल उघडपणे बोलून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्णांचे आणि नातेवाइकांचे स्वमदत गट चालतात. तुम्ही स्वतः एकदा जाऊन बसा. इतकी वर्षं ‘डोक्याचा जुना त्रास’ म्हणत एकटीने वाहिलेलं ओझं तिथे उतरवता येईल.

हे वाचणाऱ्या सगळ्याच आईवडिलांसाठी : मूल ‘कदाचित मला तसं वाटत असेल’ म्हणेनासं झालं, त्याला पूर्ण खात्री वाटू लागली, आवाज काही करायला सांगू लागले, विष आहे म्हणून खाणं सोडलं, दोन-तीन रात्री झोपलंच नाही, मरण्याची, कुणाला इजा करण्याची भाषा आली, तर वेळ घेऊन भेटायची वाट पाहू नका. त्याच दिवशी, जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात न्या. आणि सोबत कुणीतरी रात्रभर जागं राहा.

आता ती गोळ्यांची पट्टी. भावाला महिन्याच्या गोळ्या मोजून मिळत असणार. आज संध्याकाळी त्याच्याकडे जा आणि त्याच्या डब्यात ती परत ठेवा, नाहीतर महिनाअखेरीला त्याला गोळ्या कमी पडतील.